दहावी पास होऊन पुन्हा दहावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मिस्टरांची बदली न्यू जर्सीला झाली, तुम्ही जुलैत इथे आलात. मुलगा नाशिकच्या सेमी-इंग्रजी शाळेतून यंदा ८९ टक्क्यांनी दहावी पास झाला, येत्या ऑक्टोबरात त्याला सोळावं पूर्ण होईल. सप्टेंबरात जवळचं सरकारी हायस्कूल सुरू होतंय आणि शाळा म्हणते, त्याला दहावीत घालू. मिस्टरांच्या ऑफिसातली मंडळी सांगतात, भांडा, अकरावीतच घ्यायला लावा, नाहीतर पोराचं वर्ष वाया जाईल. भांडू का, असं तुम्ही विचारलंय.

मी मध्य न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कुलात आधी आठ वर्षं गणित शिकवलं आणि गेली अकरा वर्षं काउन्सेलर आहे, म्हणजे मुलांचे विषय, वेळापत्रक आणि कॉलेजचे अर्ज बघते. भारतातून मधूनच आलेली मुलं दरवर्षी माझ्या टेबलासमोर बसतात, त्यांच्या शेजारी तुमच्यासारखेच काळजीत पडलेले आईवडील असतात. तुम्ही लिहिलेल्या परिस्थितीत माझा सल्ला स्पष्ट आहे: दहावी स्वीकारा. भांडायचंच असेल तर त्याला कोणते विषय कोणत्या पातळीवर मिळतात यासाठी भांडा. आता कारणं सांगते, आणि माझं उत्तर कुठे बदलेल तेही सांगते.

आधी वयाचं बघा. इथे बहुतेक शालेय जिल्ह्यांत १ ऑक्टोबरपर्यंत पाच वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला किंडरगार्टनमध्ये, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, घेतात. तुमचा मुलगा ऑक्टोबरात जन्मलेला. तो इथेच जन्मला असता तर या सप्टेंबरात दहावीतच असता, वर्गातल्या मोठ्या मुलांपैकी एक म्हणून. आपल्याकडे तो जूनमध्ये पावणेसहा वर्षांचा असताना पहिलीत गेला, म्हणून आकडा एकाने पुढे दिसतो. शाळेने त्याला मागे ढकललेलं नाही, त्याच्या वयाच्या मुलांत बसवलंय.

वर्ष वाया जाण्याची जी भीती आहे ती आपल्या बोर्डाच्या पद्धतीतून येते. आपल्याकडे दहावीची परीक्षा हा एक दरवाजा आहे, एकदा ओलांडला की मागचं कोणी विचारत नाही. अमेरिकन हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी अशी चार वर्षं चालणारी एक खातेवही आहे. प्रत्येक विषयाचा प्रत्येक वर्षाचा ग्रेड तिच्यात चढतो, त्याला ट्रान्सक्रिप्ट म्हणतात, आणि कॉलेज ही सगळी वही वाचतं. तेव्हा तुमच्यापुढचा खरा प्रश्न असा आहे की कॉलेजला अर्ज करायची वेळ येईल तेव्हा या वहीत त्याच्या नावावर इथलं काय लिहिलेलं असेल.

हिशोब करून बघू. कॉलेजचे अर्ज बारावीच्या सुरुवातीलाच जातात, लवकरच्या अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर असते. मुलगा आत्ता अकरावीत गेला तर पुढच्या नोव्हेंबरात त्याच्याकडे इथलं एकच पूर्ण वर्ष असेल. आणि ते वर्ष म्हणजे नवा देश, नवा उच्चार, नवी पद्धत शिकण्याचं वर्ष. पहिल्या तीन-चार महिन्यांत ग्रेड घसरतात, हुशारातल्या हुशार मुलाचेही. शिवाय अर्जासोबत शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात आणि ती साधारणपणे अकरावीच्या शिक्षकांकडून घेतात. ज्या शिक्षकाने त्याला सप्टेंबरात गप्प बसलेलं पाहिलं आणि मे महिन्यात कुठे तो बोलायला लागला, तो शिक्षक पत्रात काय लिहिणार? मी अशी पत्रं वाचली आहेत. त्यात ‘मेहनती’ आणि ‘नम्र’ याच्या पलीकडे काही नसतं, कारण शिक्षकाला मुलगा कळायला वेळच मिळालेला नसतो. दहावीत बसला तर धडपडीचं वर्ष दहावीत जाईल, आणि अकरावीत तो वर्गात हात वर करणारा मुलगा असेल.

दुसरा हिशोब क्रेडिटचा. न्यू जर्सीत हायस्कूलची पदवी मिळायला किमान १२० क्रेडिट लागतात. वर्षभराच्या एका विषयाचे ५. त्यात इंग्रजीचे २०, गणिताचे १५, विज्ञानाचे १५, सामाजिक शास्त्रांचे १५ असे ठरलेले असतात, आणि या शेवटच्या पंधरातले १० अमेरिकेच्या इतिहासाचेच हवेत. कलेचा एक विषय, व्यवसाय-कौशल्याचा एक, पैशांच्या व्यवहाराचा अर्ध्या वर्षाचा एक, आणि दरवर्षी आरोग्य व शारीरिक शिक्षण. अकरावीत गेलेल्या मुलाला नाशिकच्या दोन वर्षांचे क्रेडिट मिळतील, पण अमेरिकेचा इतिहास नाशिकहून येणार नाही.

समजा दिवसाला आठ तासिका, त्यातली एक जेवणाची. म्हणजे दोन वर्षांत विषयांसाठी चौदा जागा. इंग्रजी, इतिहास, गणित, विज्ञान, शारीरिक शिक्षण या पाचांच्या प्रत्येकी दोन, झाल्या दहा. कला एक, व्यवसाय-कौशल्य एक, पैशांचा अर्धा. उरली दीड जागा. त्यात इंग्रजीचा जादा वर्ग लागला तर तीही संपली. कॉम्प्युटर सायन्स, इकॉनॉमिक्स, रोबोटिक्स, ज्या विषयांसाठी लोक या शाळांचं कौतुक करतात, त्यांना हा मुलगा शिवणारही नाही. तीन वर्षं मिळाली तर शिवेल.

आता दुसरी बाजू, जी मिस्टरांच्या ऑफिसातल्या मंडळींनी कदाचित सांगितली नसेल. तुम्ही एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, आहात असं लिहिलंय. शाळेला तुमच्या व्हिसाशी घेणंदेणं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये निकाल दिला आहे की स्थलांतराच्या कागदपत्रांवरून कुठल्याही मुलाला सरकारी शाळा नाकारता येणार नाही. पण घरात बसून तुम्हाला हा हिशोब करावा लागेल. एकविसाव्या वर्षी मुलगा एच-४ मधून बाहेर पडतो, तोवर ग्रीन कार्ड झालं नाही तर त्याला स्वतःचा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. दहावीत बसला तर एकविसावा वाढदिवस कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला येईल, अकरावीत बसला तर चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला. एवढाच फरक आहे, आणि व्हिसा बदलणं दोन्हीकडे आहेच. तरी कॉलेजची फी किती बसेल यावर याचा परिणाम होऊ शकतो, म्हणून वकिलाला हा एक प्रश्न जरूर विचारा. केंद्र सरकारची शिक्षण-मदत एच-४ वरच्या मुलाला मिळत नाही, आणि वर्गमित्र उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात काम करतील तेव्हा तुमच्या मुलाला पगारी काम करता येणार नाही. हे त्याला आत्ताच सांगून ठेवा. मुलांना ही गोष्ट पुढच्या जूनमध्ये अचानक कळते आणि फार लागते.

मी अकरावी कधी सुचवते? मुलाला सतरावं पूर्ण झालं असेल, किंवा आपल्याकडची अकरावी करून तो आला असेल, तर. मुलगी किंवा मुलगा स्वतः ठाम असेल, इंग्रजी माध्यमाचा असेल आणि पुढे दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज करून मग विद्यापीठात जायची तयारी असेल, तरीही. तो रस्ता चांगला आहे, स्वस्त आहे, आणि आपल्या लोकांत त्याला जो कमीपणा चिकटवतात तो मला मुळीच पटत नाही. थेट बारावीत मात्र मी आजवर कोणाला घालायला सांगितलेलं नाही.

आता ज्यासाठी खरंच भांडावं त्याकडे येते. गणित. इथला क्रम अल्जेब्रा वन, जॉमेट्री, अल्जेब्रा टू, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस असा असतो. कार्यालयात घाई असते, नव्या मुलाला वयावरून जॉमेट्रीत टाकून मोकळे होतात. आपल्या दहावीच्या भाग दोनमध्ये समरूपता, वर्तुळ, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती, महत्त्वमापन सगळं झालेलं असतं. भाग एकमध्ये वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, संभाव्यता. तुमचा मुलगा जॉमेट्रीत वर्षभर कंटाळेल. अल्जेब्रा टू मागा, ऑनर्स म्हणजे वरच्या पातळीचा. शाळेला पाठ्यपुस्तकांच्या अनुक्रमणिका दाखवा आणि प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे पातळी ठरवणारी चाचणी, द्यायची तयारी आहे असं स्वतःहून सांगा.

त्याहून वरचं मागू नका, कारण एक भोक राहिलेलं असतं. आपली मुलं वर्गसमीकरण सूत्राने चटकन सोडवतात. मी फळ्यावर एक पॅराबोला काढून विचारायची, हा दोन घरं उजवीकडे सरकवला तर समीकरणात काय बदलेल? भारतातून आलेली मुलं वहीत आकडेमोड सुरू करायची. शेजारचा मुलगा, ज्याला सूत्र पाठ नसायचं, तो एक्सच्या जागी एक्स वजा दोन लिहून मोकळा व्हायचा. फंक्शन ही कल्पना, आलेख वाचणं, लॉगॅरिदम, हे आपल्याकडे अकरावीत येतं. अल्जेब्रा टूमध्ये हे सगळं नीट होतं. ग्राफिंग कॅल्क्युलेटर आत्ताच वापरायला द्या. दहावीपर्यंत कॅल्क्युलेटरला हात न लावलेल्या मुलाला पहिल्या चाचणीत बटणं शोधण्यातच वेळ जातो.

इंग्रजीबद्दल. नाव नोंदवताना एक फॉर्म येईल, घरात कोणती भाषा बोलता? आपले लोक घाबरून ‘इंग्रजी’ लिहितात. मराठी लिहा, कारण तेच खरं आहे. मग मुलाची ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं अशी चाचणी होईल. चांगली गेली तर विषय संपला. कमी पडली तर ईएसएलचा, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मुलांसाठीचा, तास सुचवतील. सेमी-इंग्रजीतून आलेल्या मुलाला विज्ञान-गणिताचं इंग्रजी येतं, पण कादंबरीतल्या पात्राबद्दल दोन पानं लिहायला सांगितली की तो अडतो. पहिल्या वर्षी तो तास घेऊ द्या. त्यात कमीपणा नाही, आणि नको असेल तर नाही म्हणण्याचा हक्क पालकांना आहे. मराठी जपली तर पुढे उपयोगही होतो: न्यू जर्सीत २०१६ पासून दोन भाषा येणाऱ्या मुलांच्या पदवीवर ‘सील ऑफ बायलिटरसी’ असा शिक्का मिळतो, आणि मराठीची परीक्षा देऊन तो मिळवलेली मुलं मी पाहिली आहेत.

लिहिण्याच्या बाबतीत एक धोका आधीच सांगते. आपल्याकडे गाईडमधलं उत्तर जसंच्या तसं लिहिलं की शाबासकी मिळते. इथे इंटरनेटवरचा एक परिच्छेद निबंधात उचलला की शून्य, आणि घरी फोन. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्यासमोर रडत होता, त्याला आपण चोरी केली हे कळतच नव्हतं. तो म्हणाला, “मॅडम, मी छान उत्तर शोधून लिहिलं.” शिक्षिका वाईट नव्हती, मुलगाही नव्हता. कोणीतरी आधी सांगायला हवं होतं, एवढंच.

कागदपत्रं. शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावीची गुणपत्रिका तुमच्याकडे असेलच. नववीची गुणपत्रिकाही लागेल, कारण क्रेडिट नववीपासून मोजतात. विज्ञानाची प्रयोगवही आणली असेल तर दाखवा, इथे प्रयोगशाळेसह जीवशास्त्र लागतं. आणि नाशिकच्या मुख्याध्यापकांकडून शाळेच्या कागदावर एक पत्र मागवून घ्या: आमच्याकडे ३५ ला उत्तीर्ण, ६० ला प्रथम श्रेणी, ७५ च्या पुढे विशेष प्रावीण्य. बाकी कितीही विसरलात तरी हे पत्र विसरू नका. इथे ६५ म्हणजे काठावरचा मुलगा. तुमच्या मुलाला नववीत इतिहासात ६८ असतील तर इथला कारकून ते सरळ ‘डी’, म्हणजे नापासाच्या जेमतेम वरचा ग्रेड, म्हणून चढवेल, आणि तो डी चार वर्षं वहीत राहील. मी असे डी काढायला महिने घालवले आहेत. काही शाळा बाहेरचे ग्रेड सरासरीत धरतच नाहीत, फक्त ‘उत्तीर्ण’ लिहितात. तुमची शाळा काय करते ते लेखी विचारा.

पत्त्याचा पुरावा कडक तपासतील, भाडेकरार आणि विजेचं बिल. शाळेच्या खर्चाचा मोठा भाग त्या गावच्या घरपट्टीतून येतो, म्हणून गावाबाहेरचं मूल येऊ नये याची त्यांना काळजी असते. लसींच्या तारखा लागतील. क्षयरोगाची तपासणी मागितली तर रक्ताची चाचणी करून घ्या. बीसीजी टोचलेल्या मुलाची कातडीवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रेचा फेरा मागे लागतो.

शाळा सुरू झाल्यावर सगळ्यात जास्त आपटतात ती हुशार मुलं, आणि कारण एकच असतं: गृहपाठ जमा न करणं. बोर्डाची सवय म्हणजे शेवटी परीक्षेत दाखवून देऊ. इथे परीक्षा हा ग्रेडचा एक तुकडा. चार गृहपाठांत ९०-९० आणि दोन दिलेच नाहीत, तर सरासरी ६०. वहीत सोडवलेलं असतं, दप्तरात असतं, पण शाळेच्या ऑनलाइन पोर्टलवर टाकलेलं नसतं, म्हणजे नसतंच. रविवारी संध्याकाळी मुलासोबत बसून पोर्टल उघडा, आठवड्यातून एकदा पुरे. रोज उघडून प्रत्येक आकड्यावर त्याला बोलू नका.

एपीचं, म्हणजे हायस्कुलातच घ्यायच्या कॉलेज-पातळीच्या विषयांचं, विचारलंत. पहिल्या वर्षी एकही नाही, फार तर एक. सहा एपींशिवाय चांगलं कॉलेज मिळत नाही असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

त्याऐवजी या आठवड्यात एक काम करा. शाळेच्या क्रॉस-कंट्री संघाची चौकशी करा. बहुतेक शाळांत या खेळात कोणाला वगळत नाहीत, धावायची तयारी असली की झालं. सराव ऑगस्टमध्येच सुरू होतो, त्याआधी डॉक्टरांकडून तपासणीचा फॉर्म भरून घ्यावा लागतो. धावणं जमतं की नाही हा मुद्दा नाही. शाळा उघडेल त्या दिवशी दुपारी कॅन्टीनमध्ये त्याला नावाने हाक मारणारी पाच-सहा मुलं असतील. ट्रे हातात घेऊन कुठे बसावं हे न कळून उभं राहिलेलं मूल मी दर सप्टेंबरात पाहते, आणि काही मुलं तर जेवणाचा तास लायब्ररीत उपाशी काढतात. घरी येऊन ती हे सांगत नाहीत. आवड असेल तर नाटकाच्या रंगमंचामागची टीम किंवा बँडही चालेल.

काउन्सेलरला आत्ताच ईमेल करा, छोटं. आमच्या व्यावसायिक संघटनेची शिफारस एका काउन्सेलरमागे २५० मुलांची आहे, माझ्याकडे पावणेतीनशे आहेत. ऑगस्टच्या शेवटी सगळे एकदम येतात, आणि वेळापत्रकातल्या चांगल्या जागा तोवर भरलेल्या असतात.

आणि मुलाला कसं सांगायचं? नातेवाईक फोनवर विचारणार, काय रे, परत दहावी? त्याला तयार उत्तर हवं. त्याच्यासमोर जन्मतारखेचा हिशोब मांडा, वर मी केला तसा, कागदावर. त्याला काय वाटतं ते विचारा आणि त्याचं ऐकून घ्या. मी ज्यांना पाहिलं त्यांतली बरीच मुलं आईवडिलांच्या आधी तयार झाली.

शेवटचं एक छोटं काम. दुकानातून आकड्यांचं कुलूप आणा, किल्ली नसलेलं, गोल तबकडीचं. शाळेतल्या लॉकरला बहुधा तसंच असतं. उजवीकडे तीन फेरे फिरवून पहिल्या आकड्यावर थांबायचं. मग डावीकडे, पहिला आकडा एकदा ओलांडून दुसऱ्यावर. मग सरळ उजवीकडे तिसऱ्यावर. एक मुलगी, जालन्याहून आलेली, ऑक्टोबरपर्यंत सगळी पुस्तकं पाठीवर घेऊन फिरत होती. पाठ दुखते म्हणून नर्सकडे गेली तेव्हा कळलं की तिला लॉकर उघडता येत नव्हता आणि विचारायची लाज वाटत होती. त्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी रिकाम्या कॉरिडॉरमध्ये उभ्या राहिलो आणि ते कुलूप दहा वेळा उघडलं. अकराव्यांदा तिने मला बाजूला व्हायला सांगितलं.